दारं उघडी आहेत

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट अमेरिकेतल्या मिलवॉकीची, ऐन फेब्रुवारीच्या बर्फातली, पण ऐकून अंगात ऊब येईल. हसू आवरलं नाही तर खुशाल हसा, देवाला त्याचं वावडं नाही.

लव्हेल टिन्सली घरांच्या फटी बुजवायचा. भिंतीत गार वारा कुठून शिरतो ते नुसत्या तळहाताने सांगायचा. हात देवाने निवांत बसून घडवलेले. जीभ मात्र घाईघाईत उरकलेली. परक्या माणसाला चार गोष्टी समजावायच्या म्हटलं, की ती टाळूला चिकटून बसायची.

आणि घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. घर ऊबदार करून घेणाऱ्याला सरकारी सवलत मिळे, पण काम यादीतल्या कंत्राटदाराने केलं तरच. यादीत जायचं तर आधी प्रशिक्षण, मग परीक्षा. लेखी परीक्षा टिन्सलीने मारली. प्रत्यक्ष कामाच्या परीक्षेत मात्र दोनदा आपटला, दोन्ही वेळा एकाच रकान्यात: 'घरमालकाला समजावून सांगणे'. आता तिसरी आणि शेवटची खेप. ही गेली की वर्षभर थांबायचं, आणि गल्लीतली सगळी गिऱ्हाइकं यादीतल्या दुसऱ्या कुणाच्या दारात.

परीक्षेसाठी घर दिलं युलालीमाईंनी. त्यांच्या बाप्टिस्ट चर्चच्या मंडळीत वडीलधाऱ्या बायकांना सगळे माईच म्हणत. रविवारची चर्चची जांभळी टोपी घालून त्या कोचावर बसल्या होत्या.

"माई, आज परीक्षा माझी आहे. टोपी कशाला?"

"तुझ्या तोंडाकडे बघून वाटलं, आज कुणाला तरी देवाची गरज पडणार."

परीक्षक सिग्रिड हाउगन, उत्तरेकडची, मोजकं बोलणारी. "सुरू करा, मिस्टर टिन्सली," एवढंच म्हणाली.

टिन्सलीने खिडक्या लावल्या, घर तापवणारी भट्टी बंद केली. पुढच्या दारात लाल कापडाची चौकट ताणून मधोमध पंखा बसवला. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो, मग जिथं जिथं फट तिथून वारा आत धावतो, आणि घर किती गळकं आहे त्याचा आकडा यंत्रावर दिसतो. इथवर सगळं झकास.

"आता घरमालकांना समजावून सांगा."

टिन्सलीने तोंड उघडलं. "म्हणजे... माई... हवा..."

हवा तिथंच अडकली. "सांग, बाळा," माई म्हणाल्या. सिग्रिडचं पेन त्या रकान्याकडे वळलं.

पंखा मात्र घुमतच होता, हूंऽऽऽ. टिन्सलीचे कान टवकारले. अरे, हा तर ऑर्गनचा सूर! पाळकांचं प्रवचन चढत चढत गाण्यात शिरतं, तेव्हा खाली धरतात तोच! लहानपणापासून दर रविवारी त्याने याच सुरावर मान डोलवली होती. जीभ आपोआप सुटली.

"माईऽ, हे घर श्वास घेतंऽ!"

"घेतं का रे?" माईंनी प्रवचनाला देतात तशी साथ दिली.

"माळ्याच्या झडपेतून घेतंऽ!"

"सांग, बाळा!"

"तळघराच्या कडेकडेने घेतंऽ!"

"अरे देवा!"

"आणि तुमची ऊब, माईऽ, वरच्या वर निघून जातेऽ!"

"निरोप न घेता?"

"साधा टाटासुद्धा न करताऽ!"

माई उठून उभ्या राहिल्या. टाळ्या सुरू झाल्या. सिग्रिडचा बूट नकळत ताल धरू लागला. टिन्सली असा रंगला, असा रंगला, की शेवटी दोन्ही हात पसरून, प्रवचन संपताना पाळक नव्या माणसांना बोलावतात तसा गरजला, "दारं उघडी आहेत!"

झालं! माई चाळीस वर्षं चर्चच्या दारावरच्या सेविका. हे शब्द कानी पडले की त्यांनी दार उघडायचं, ही तिथली रीत. माई ताड्ताड् गेल्या आणि मागचं दार सताड उघडलं.

वारा रेड्यासारखा आत घुसला. पडदे आडवे झाले. सिग्रिडचे कागद उडून पंख्याच्या जाळीला चिकटले, त्यावर जांभळी टोपी जाऊन बसली. यंत्रावरचा आकडा पिसाळला.

टिन्सलीने यंत्राकडे बघितलं. "मॅडम, ही मोजणी बाद."

"बाद," सिग्रिड म्हणाली. "ती पुन्हा घ्या. पण त्या रकान्यासाठी मला घरमालकांना एक विचारायचंय. यांनी काय समजावलं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

माईंनी दार लावलं, श्वास घेतला. "पोरी, आत्ता आकडा उसळला ना? तसंच एक दार माझ्या माळ्यावर बारा महिने उघडं आहे. मी वेडी, आख्ख्या मिलवॉकीचं आकाश तापवत बसले! आधी माळ्याची झडप, मग तळघराच्या कडा. बरोबर ना रे?"

सिग्रिडने टोपीखालचा कागद ओढून काढला, त्या रकान्यात ठसठशीत खूण केली, आणि एवढी हसली की चष्मा पुसावा लागला. दुसरी मोजणी नीट झाली, आणि लव्हेल टिन्सली यादीत गेला.

आज रात्री हात जोडाल तेव्हा युलालीमाईंना आठवा. अडखळणाऱ्या माणसाच्या अर्ध्या वाक्यालाही त्यांनी "सांग, बाळा" म्हटलं होतं.