विम्याचा राजीनामा

मीनाक्षी दाभोळेंच्या नव्या स्वयंपाकघरात सगळं होतं, फक्त ओटा नव्हता. ओट्याचा काळा ग्रॅनाइट बाल्कनीत भिंतीला टेकून उभा होता आणि त्यावर कबुतरं बसत होती. मिस्त्री अर्धं काम टाकून गेला होता. "पेमेंट आ जाए तो फोन कर देना आंटी," एवढं सांगून त्याने आपली करवत आणि थापी उचलली, तो पुन्हा फिरकला नाही. मीनाक्षी जमिनीवर शेगडी ठेवून, पाटावर बसून स्वयंपाक करत होत्या. साठीला टेकलेल्या गुडघ्यांना ते मुळीच पसंत नव्हतं.

दिल्लीत लग्न होऊन आल्यापासून त्यांनी सरकारी क्वार्टरमध्येच रांधलं. क्वार्टर बदलले, ओट्याची उंची बदलली नाही. कुणा उंचापुऱ्या इंजिनिअरने स्वतःच्या बायकोच्या मापाने सगळ्या दिल्लीचे ओटे बांधले असावेत, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. मीनाक्षी बुटक्या. पोळ्या लाटताना पायाखाली पाट घ्यावा लागे आणि तो पाट दिवसातून चारदा सरके. म्हणून यजमान शांताराम निवृत्त झाले आणि इंदिरापुरममध्ये फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. खोल्या कशाही असोत, ओटा माझ्या मापाचा हवा.

घरातल्या कामासाठी कर्ज पेन्शनच्या बँकेनेच दिलं. मंजूर झालं पाच लाख, खात्यात आले एक्केचाळीस हजार कमी, आणि ओट्याचे पैसे तिथेच अडकले. चौकशी केली तेव्हा कळलं की ते 'लोन सुरक्षा' विम्याचे कापले. म्हणजे शांतारामांचं काही बरंवाईट झालं, तर उरलेले हप्ते विमा कंपनी भरणार. मागितला कुणी हा विमा? "साइन तो सर ने ही किए हैं," बँकेतला माणूस म्हणाला, आणि ते खरंच होतं. मंत्रालयात दुसऱ्याच्या टिपणीतला स्वल्पविराम हुडकून काढणाऱ्या या गृहस्थांनी, बँकेवाल्याने पेन्सिलीने जिथे जिथे फुली केली होती तिथे तिथे, न वाचता सह्या ठोकल्या होत्या. कारण समोरचा सारखा म्हणत होता, "सर, आप महाराष्ट्रियन लगते ही नहीं. क्या हिंदी है आपकी!"

हिंदी हा शांतारामांचा हळवा कोपरा होता. कराडहून कारकून म्हणून दिल्लीला आले तेव्हा 'मेरा पेट दुखती है' म्हणून सगळ्या सेक्शनला हसवलं होतं त्यांनी. ते हसू त्यांना आयुष्यभर टोचलं. मग त्यांनी हिंदी अशी घोटली, की ऑफिसच्या हिंदी पखवाड्यात टिपणी लेखनाचं पहिलं बक्षीस दरवर्षी दाभोळेंकडेच जाऊ लागलं. गट अर्थात अहिंदी भाषकांचा होता, पण हा तपशील घरात कुणी काढत नसे.

मुलगी अपूर्वा गुरुग्रामला नोकरी करत होती. तिने फोनवर मार्ग सांगितला. "बाबा, पॉलिसीचे पेपर आल्यापासून थर्टी डेजमध्ये परत करता येते. फ्री लुक म्हणतात. थोडेफार कापून सगळे पैसे रिफंड होतात. मी मेल ड्राफ्ट करून पाठवते, तुम्ही फक्त फॉरवर्ड करा."

"काही गरज नाही," शांताराम म्हणाले. "मी हिंदीत पत्र लिहितो. राजभाषेतल्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं त्यांना."

संध्याकाळभर बसून त्यांनी पत्र लिहिलं आणि मीनाक्षींना वाचून दाखवलं. "महोदय, उपर्युक्त ऋण सुरक्षा बीमा के विषय में मैं अपना राजीनामा सविनय प्रस्तुत करता हूँ. कृपया इसे स्वीकार कर अनुगृहीत करें."

"पैसे परत द्या, असं कुठे आहे यात?" मीनाक्षींनी विचारलं.

"पैसे मागायचे नसतात गं. राजीनामा मंजूर झाला की ते नियमाने येतात. ग्रॅच्युइटी मागितली होती का मी?"

मीनाक्षींना हे फारसं पटलं नाही, पण पत्र ऐकायला भारदस्त होतं. त्यांनी पोस्टात जाऊन ते रजिस्टर केलं आणि पोचपावती देवापुढे ठेवली. पुढे कंपनीचं उत्तरही आलं. 'आपका राजीनामा प्राप्त हुआ. सहयोग के लिए धन्यवाद.' शांतारामांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. मीनाक्षींनी पाटावर बसून शिरा केला, मिस्त्रीला फोन केला आणि ओट्याची उंची पुन्हा एकदा आपल्या कमरेपासून मोजून ठेवली.

पैसे काही आले नाहीत. तीस दिवस उलटले, त्यावर आणखी एक महिना गेला, मिस्त्रीने फोन उचलणं बंद केलं. मग एका रविवारी अपूर्वा आली. तिने पत्राची प्रत मागितली, वाचली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे काय लिहिलंय? राजीनामा?"

"मग? सोडतोय ना आपण विमा."

"अहो, राजीनामा मतलब समझौता. मतलब मी राजी आहे. कोर्टात दोन पार्ट्या सेटलमेंट करतात ना, तो राजीनामा. तुम्ही त्यांना लिहून दिलंय की विमा मला मंजूर आहे, प्लीज स्वीकार करा."

"राजीनामा म्हणजे नोकरी सोडताना देतात तो," मीनाक्षी म्हणाल्या.

"तो इस्तीफा, आई. नाहीतर त्यागपत्र." अपूर्वाने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "मराठीत राजीनामा म्हणजे इस्तीफा? बिल्कुल उलटं? यार, मला कसं माहीत असणार? घरात कधी कुणी राजीनामा दिलाच नाही."

शांताराम आतल्या खोलीत गेले. त्यागपत्र त्यांना चांगलं ठाऊक होतं, किती जणांची त्यागपत्रं त्यांनी हिंदीत तयार करून दिली होती. पण त्यागपत्र नोकरीचं, विम्याला ते शोभणार नाही, म्हणून त्यांनी दुसरा शब्द घेतला. लहानपणापासून ओळखीचा असल्यामुळे तो शब्दकोशात बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मीनाक्षींना त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकदम आलं की त्या भांडी जोरात घासत, तशी त्यांनी घासली.

मंगळवारी दोघं वैशाली स्टेशनवरून मेट्रोने करोल बागला गेले. विमा कंपनीचं कार्यालय गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं. तक्रारी बघणाऱ्या बाईंचं नाव अलका भटनागर. चेहऱ्यावरून कडक वाटल्या, पण त्यांनी आधी पाणी मागवलं, मग पत्र नीट वाचलं आणि मीनाक्षींचं म्हणणंही ऐकून घेतलं. 'हमारे में राजीनामा मतलब छोड़ देना' हे मीनाक्षींनी दोन्ही हातांनी काहीतरी सोडून दाखवत सांगितलं. अलकाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"देखिए, चिट्ठी समय पर आई है, मुहर लगी है," त्या म्हणाल्या. "दिक्कत बस ये है कि इसमें आपने हाँ लिखा है. एक काम कीजिए सर. लिखकर दे दीजिए कि आप मराठीभाषी हैं, आपको हिंदी नहीं आती, इसलिए गलत शब्द चला गया. मैं उसी तारीख से पॉलिसी कैंसल करवा दूँगी."

शांताराम ताठ झाले. "मैडम, मुझे हिंदी आती है. मुझे प्रथम पुरस्कार मिला है."

"फिर तो सर, आपने समझकर ही लिखा होगा," अलकाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. वरचे साहेब असंच म्हणतील, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

शांताराम उठले आणि सरळ जिना उतरू लागले. मीनाक्षींनी त्यांना पहिल्या मजल्यावर गाठलं.

"जाऊ दे ते पैसे," ते म्हणाले. "एक्केचाळीस हजारांसाठी मी अंगठेबहाद्दर असल्याचं लिहून देऊ? माझी अब्रू तेवढ्याची नाही."

"तुमची अब्रू केवढ्याची ते मला माहीत नाही," मीनाक्षी म्हणाल्या. "माझा ओटा एक्केचाळीस हजारांचा आहे."

जिन्यात रेक्झिनचा वास कोंडला होता आणि खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न लावून बघत होतं. मीनाक्षी आज थांबणार नव्हत्या.

"इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या मापाच्या घरात राहिले, ब्र काढला नाही. तुमची हिंदी ऐकून लोक वाहवा करायचे तेव्हा मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण त्या हिंदीपायी तुम्ही न वाचता सह्या केल्यात, त्या हिंदीपायी पोरीचा मेल नको म्हणालात, आणि आता त्याच हिंदीपायी मी मरेपर्यंत जमिनीवर बसून फोडणी घालायची? मला खाली बसलं की उठता येत नाही हो. भिंत धरावी लागते. तुम्ही कधी बघितलंत?"

शांतारामांनी बघितलं नव्हतं. ते कठड्याला धरून वळले. मग जिना पुन्हा चढू लागले.

अलकाबाईंनी दिलेल्या कागदावर त्यांनी हिंदीत लिहायला घेतलं. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही. अलकाबाईंनी वाचून कागद हलकेच परत सरकवला. "सर, 'हिंदी भाषा से मेरी अनभिज्ञता' इतनी सुंदर हिंदी में लिखेंगे तो कौन मानेगा? आप मराठी में लिख दीजिए. मैडम पढ़कर मतलब बता देंगी, मैं नीचे नोट कर लूँगी."

मराठीत शेवटचं पत्र त्यांनी कधी लिहिलं होतं कोण जाणे, बहुधा आई होती तेव्हा. त्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि फक्त दोन ओळी लिहिल्या. मीनाक्षींनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'मला हिंदी येत नाही. राजीनामा हा शब्द मी मराठी अर्थाने लिहिला, मला विमा नको आहे.'

"'नीट येत नाही' असं लिहा ना," त्या हळूच म्हणाल्या. "येतच नाही, असं कशाला?"

"नको. मोघम लिहिलं की लोक त्याचा पाहिजे तो अर्थ काढतात." त्यांनी खाली सही केली आणि कागद मीनाक्षींकडे दिला.

अलकाबाईंनी पेन उघडलं. "हाँ जी, बताइए."

मीनाक्षींनी कागद हातात धरला. शेजारच्या टेबलांवरचे दोघं-तिघं मान वर करून बघत होते. जिन्यात एवढं बोलून आल्या होत्या त्या, पण आता ती पहिली ओळ त्यांना सांगवेना. हा माणूस रात्री कंदिलासारखा मिणमिणता दिवा लावून हिंदीचे लिंगभेद पाठ करायचा, ते त्यांनी नवी नवरी असताना पाहिलं होतं. सेक्शनमधलं ते हसू थांबवायला त्याला किती वर्षं लागली, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"इसमें लिखा है," त्या म्हणाल्या, "कि इनको हिंदी बहुत अच्छी आती है, बस एक शब्द का गलती हो गया."

अलकाबाई लिहू लागल्या. शांतारामांनी हात पुढे करून त्यांना थांबवलं.

"क्षमा कीजिए मैडम. इन्होंने ठीक से नहीं बताया." त्यांचा आवाज बक्षीस समारंभात असायचा तसा खणखणीत होता, शेजारच्या टेबलांपर्यंत सहज जाणारा. "इसमें लिखा है कि मुझे हिंदी नहीं आती. कृपया यही लिखिए."

अलकाबाईंनी तेच लिहिलं.