सांगलीहून आलेली शिट्टी

दुधावरची ताटली आधी थरथरली, मग खण्णकन फरशीवर पडून बराच वेळ गोल गोल फिरत राहिली. विजयमालानं धावत जाऊन स्टोव्ह बारीक केला. त्या आवाजानं घरातली शांतता मोडली खरी, पण ताटली थांबली तशी ती परत येऊन बसली, सोप्यात ठाण मांडून बसणाऱ्या पाहुण्यासारखी.

बाहेरच्या खोलीत लालासाहेब, तिचा नवरा, बुटांचे बंदही न सोडता खुर्चीत बसला होता. खाली सतरंजीवर तिचे सासरे नाथाजी, डोक्यावरचा नवा फेटा काढून मांडीवर घेतलेला. आणि दोघांच्या मधे लालासाहेबानं बनवलेली ती यंत्राची पेटी. पेटीकडे कुणीच बघत नव्हतं.

नाथाजी पलटणीत सिग्नलवर होते. तारा ओढण्यात आणि वाऱ्यापावसात ओरडून बोलण्यात उमर गेलेली, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते कुंडलहून आले की गल्लीच्या टोकाला कळायचं. आज ते दुपारपासून गप्प होते.

"मामंजी, चहा ठेवू का?"

"ठेव की. दूध गेलं न्हवं उतू?"

"थोडं गेलं."

"जाऊ दे. आज जायाचाच दिस हाय."

ती पदरानं स्टोव्हची कड पुसत राहिली. पुसण्याजोगं तिथं काही उरलं नव्हतं.

लालासाहेब सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि आठवड्याच्या शेवटी साताऱ्याला यायचा. विजयमालाची नोकरी साताऱ्याच्या टेलिफोन ऑफिसात, परगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर, म्हणून बिऱ्हाड इकडं. आणीबाणी उठली त्या वर्षी त्याच्या अमेरिकेतल्या मित्रानं टपालानं दोन चिपा पाठवल्या. काळ्या, दोन्ही अंगांनी पाय असलेल्या, गोमेच्या पिल्लासारख्या. त्या दिवसापासून त्याला दुसरा नाद राहिला नाही. चिपेनं अक्षराची शिट्टी करायची, ती शिट्टी टेलिफोनच्या तारेतून पाठवायची, आणि पलीकडच्या चिपेनं ऐकून तिची पुन्हा अक्षरं करायची.

"असली यंत्रं मोठ्या शहरांत आहेत," तो तिला सांगायचा, "पण ती कपाटाएवढी, आणि विजेला सारखी वखवखलेली. ही चिप बॅटरीच्या सेलवर चालते. कुंडलात वीज कधी असते, सांग बरं. ही तिथंही बोलेल."

शनिवार-रविवार घरात ती शिट्टी चालायची. एक जाड, एक बारीक, एकीत एक मिसळलेली, रातकिडा घशात अडकल्यासारखी. उमीला, त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीला, ती इतकी पाठ झाली होती की बाहुलीला भरवतानाही ती तोंडानं तीच काढायची. शेजारणी हसून विचारायच्या, "विजूताई, तुमच्याकडं रोज काय तळतात गं?" विजयमाला पण हसायची. हसता हसता तिच्या कानाच्या पाळ्या मात्र गरम व्हायच्या.

आज त्या चिपेची परीक्षा होती. सांगलीला हळदीचे सौदे निघाले की साताऱ्याच्या व्यापाऱ्यांना भाव ट्रंक कॉलवर कळायचा. तारेच्या खरखरीत कुणी पाचाचे पंधरा ऐकायचा आणि मग भांडणं. हळद-गूळ व्यापारी मंडळाचे चेअरमन भाऊसो म्हणाले होते, "मास्तर, तुमचं यंत्र भाव छापून देत असेल तर आम्ही घेतो. आधी डोळ्यानं बघू द्या." तेव्हा सांगलीहून लालासाहेबाच्या सहकाऱ्यानं भाव पाठवायचा आणि इथं मंडळाच्या ऑफिसात टेलिप्रिंटरवर तो उमटायचा, असं ठरलं. नाथाजी मुद्दाम त्यासाठी आले होते. येताना एसटीत बसलेल्या समद्यांना सांगत आले होते, की माझा पोरगा आज तारंवरनं हळद पाठवणार हाय.

"पहिली ओळ बरोबर आली," लालासाहेब आता भिंतीकडं बघत म्हणाला. "राजापुरी हळद. पुढं भाव. भाऊसो चष्मा पुसून वाकले. आणि तिथून अक्षरं फुटायला लागली. नुसता कचरा. थोडं थांबलं, पुन्हा कचरा. मग लाइन मेली."

"आन् भाऊसो काय म्हनलं सांग की," नाथाजी म्हणाले. "म्हनलं, मास्तर, ही कुठल्या मुलखातली हळद? माज्या फेट्याकडं बघून हसली समदी."

"आबा, राहू द्या."

"राहू देतो. माजं काय जातंय."

विजयमालानं चहात साखर घातली, आणि घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली.

अक्षरं का फुटली ते सबंध घरात तिला एकटीला ठाऊक होतं.

ट्रंक बोर्डाची एक रीत असते. जोडून दिलेल्या कॉलवर ऑपरेटरनं अधूनमधून की, म्हणजे बोर्डावरची कळ, उघडून कानोसा घ्यायचा. माणसं बोलत असली तर गुपचूप की मिटायची. आवाज नसला तर विचारायचं, "बोलणं चालू आहे का?" तीनदा विचारून उत्तर आलं नाही की कॉर्ड उपटून लाइन दुसऱ्याला द्यायची. सांगलीच्या लाइनी मोजक्या, रांगेत ताटकळणारे पुष्कळ. बोलत नसलेल्याला तार अडवून ठेवायचा हक्क नव्हता.

आज दुपारी तिनं की उघडली आणि कानात ती शिट्टी शिरली. हेडफोनमध्ये घरातला शनिवार आल्यासारखं वाटलं तिला. ओठाच्या कोपऱ्यात हसूसुद्धा आलं. तेवढ्यात मागं सुपरवायझर लीलाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"काय गं, काय ऐकतेस?"

त्यांनी हेडफोन ओढून कानाला लावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अगबाई. हे काय, कुणाच्या पोटात मुरडा आलाय?"

अख्खी रांग हसली. गोदावरी म्हणाली, "बाई, कुणीतरी शीळ घालतंय वाटतं आपल्या विजूला."

पुन्हा हशा. "कुणाचा कॉल आहे हा?" लीलाबाईंनी विचारलं.

सांगायचं काय होतं? माझ्या मालकांचा आहे, त्यांचं यंत्र बोलतंय, राहू द्या थोडा वेळ. एवढंच. लीलाबाई खाष्ट असल्या तरी वाईट नव्हत्या. पण विजयमालाला त्या हसणाऱ्या तोंडांच्या रांगेत लालासाहेब दिसला, बाह्या वर केलेला, रविवारचा सबंध दिवस पेटीवरच्या रबराच्या दोन वाट्यांत टेलिफोनचा रिसीव्हर दाबून बसलेला. उद्यापासून त्या त्याला काय म्हणतील तेही ऐकू आलं. आणि ती त्यांच्याबरोबर हसली.

"कुणास ठाऊक, बाई," ती म्हणाली.

मग तिनं रीतीप्रमाणं विचारलं. बोलणं चालू आहे का? शिट्टी चालूच; रिसीव्हर पेटीच्या वाट्यांत बसवलेला, तिचं ऐकायला कुणाचा कान नव्हता. पुन्हा विचारलं. तिचा प्रत्येक शब्द त्या शिट्टीत दगडासारखा पडत होता, आणि पलीकडं कागदावर काय होत असेल ते तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत होतं? पेटीशी कुणी बोलू नका, अक्षरं बिघडतात, असं घरात तोच ओरडायचा. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज खाली गेला. लीलाबाई उभ्याच होत्या. तिनं कॉर्ड उपटली.

चहा घेऊन ती बाहेर आली. लालासाहेबानं कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"उद्या प्राचार्यांना सांगून टाकतो," तो म्हणाला. "हे जमणारं नव्हतं. लाइनचा दोष असता तर आधी लाइन गेली असती. आधी अक्षरं फुटली, म्हणजे दोष चिपेचाच. कमी विजेवर जगणारी चीज, तिचा आवाजही तेवढाच. घरातल्या घरात ठीक. सांगली ते सातारा तिच्या ताकदीबाहेरचं. माझंच डोकं फिरलं होतं."

"मंजी वरीस समदं पान्यात?" नाथाजींनी विचारलं.

"पाण्यातच, आबा."

म्हाताऱ्यानं मांडीवरच्या फेट्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "त्वा काय चोरी न्हाई केलीस," ते म्हणाले, पण नेहमीच्या आवाजात नव्हे.

विजयमाला उभी होती तिथंच खाली बसली.

"चिप चांगली आहे," ती म्हणाली.

"विजा, समजूत नको घालू."

"समजूत नाही. मधे मी बोलले. बोर्डावर मी होते. 'बोलणं चालू आहे का' म्हणून तीनदा विचारलं, तेव्हा तुमची अक्षरं फुटली. मग लाइन पण मीच तोडली."

उमी पेटीजवळ सरकून तिची वायर बोटाला गुंडाळत होती, ती थांबली.

लालासाहेबानं कप खाली ठेवला. "तीनदा?" त्यानं विचारलं. "थोडं थोडं थांबून?"

"हो."

तो ताडकन उठला. खिशातून चुरगळलेला कागद काढून दिव्याखाली धरला आणि बोट फिरवत बघू लागला. "इथं. इथं. आणि हे इथं. आणि मधली अक्षरं बघा, आबा, मधली सगळी शाबूत आहेत. म्हणजे ती पोचत होती. एवढ्याशा सेलवर सांगलीहून पोचत होती." त्याचा चेहरा एकदम पोरासारखा झाला, आणि त्या चेहऱ्याकडं बघवेना म्हणून तिनं मान खाली घातली.

"आमच्या पलटनीत," नाथाजींचा आवाज परत आला, "लायनीवर मधी त्वांड घातलं की पाठीवर वजनाचा पिठ्ठू बांधून पळवायचं. सूनबाय, तू वाचलीस गं."

ते हसले. लालासाहेबही हसायला गेला, आणि अर्ध्यावर थांबला. कागद त्याच्या हातात तसाच राहिला.

"तुला ती शिट्टी ओळखू आली होती?"

खोटं बोलायला जागा होती. खरखरीत कळलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी त्यानं मानलं असतं.

"आली होती," ती म्हणाली.

त्यानं कागदाची घडी घातली. मग, तिला सोडवायला म्हणूनच जणू, त्यानंच कारण शोधून दिलं. "लीलाबाई असतील मागं. परवा तुझ्या बहिणीच्या कॉलवरून त्या बोलल्या होत्या ना, घरची लाइन आहे का म्हणून. नोकरी सांभाळायला हवी. तू तरी काय करणार?"

"हो," ती म्हणाली. "लीलाबाई होत्या."

तेही खरंच होतं. त्यानं आयतं हातात दिलेलं ते कारण तिनं घेतलं, आणि घेताना तिला इतकी लाज वाटली की दुपारची त्यापुढं काहीच नव्हती. तिनं ओरडा खाल्ला असता, चूक कबूल केली असती, सगळं केलं असतं. पण त्या हशात आपण हसलो हे तिला त्याला सांगता येईना.

"भाऊसोकडं उद्या परत जाऊया," नाथाजी म्हणत होते. "फेटा बांधूनच येतो मी. आन् सूनबाय बोर्डावर गप बसंल. काय गं?"

"बसेन, मामंजी."

उमी वायर सोडून आईजवळ आली, गुडघ्यावर हात टेकून तिच्या तोंडाकडं निरखून बघू लागली. एवढा वेळ तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तिथल्या बायकांनी विचारलं असेल ना, ही कुणाची शिट्टी म्हणून? मग आमच्या बाबांची आहे असं तू का नाही सांगितलंस?"