लाभ, दोन, तीन

बढतीची परीक्षा पास झाला तर सहदेवच्या पदरात बरंच पडणार होतं. खोपोलीच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज म्हणजे रात्रपाळी कायमची बंद, बसायला फिरती खुर्ची, आणि लग्नकार्यात "दाजी अजून मशीनवरच?" असं विचारणाऱ्या मेव्हण्याला, कमलेशला, परस्पर उत्तर. अडचण एकच. पेपरात संख्याशास्त्र होतं, आणि बारावीला ज्या चिन्हांनी त्याला गचांडी दिली, तीच तिथं दात विचकून उभी होती.

म्हणून पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ दर रविवारी कळंबहून गाडी काढून कोंडाण्याला रोहिणीच्या ओट्यावर हजर. रोहिणी त्याच्याच वर्गातली, ठाकरवाडीची. आता हायस्कुलात गणित शिकवायची. फी घेत नव्हती, टोमण्यांत मात्र कसर ठेवत नव्हती.

"पी, कंसात ए, मग उभी काठी, मग बी. वाच."

"ए भागिले बी?"

"काठी दिसली की भागतोस व्हय रं! ती अट हाय. बी घडलंय असं धरून चाल, मग ए ची शक्यता सांग. घाटात टँकर उलटलाय हे कळल्यावर एसटी वेळेवर यायची शक्यता, तसं."

"शून्य!"

"बघ, वाचता येतंय की."

तिसऱ्या रविवारी सिग्मा निघाला.

"हा हुकूम हाय," रोहिणी म्हणाली. "खाली लिहिलंय तिथून निघ, वर लिहिलंय तिथं थांब, वाटेतलं सगळं बेरजेत घाल."

"म्हंजे खळ्यावर भात मोजल्यावाणी."

दोघंही हसली. सहदेवच्या बापाच्या खळ्यावर भात मोजायचा तो रोहिणीचा बाप, नवशा. गुडघे राशीत रोवून पायली भरायची, वरून हात फिरवायचा, आणि लांब सूर: "लाभ... दोन... तीन..." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही रीत. सहदेव अकरा वर्षांचा, हातात कोळसा, मापामागे भिंतीवर एक रेघ. विसाव्या रेघेला एक पायली नवशाच्या मजुरीची. पेंढ्यावर रोहिणी पोपटीच्या मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा सोलत बसलेली. नव्या भाताचा तो वास सहदेवला पुढं कुठल्याही गोणीत सापडला नाही.

"बरं, इकडं बघ. खाली आय बरोबर शून्य, वर पाच. किती पदं झाली?"

"पाच."

"सहा."

"शून्याला कशाला धरतेस गं? ते नुसतं म्हणायला. लाभासारखं."

"लाभ म्हणायला असला, तरी पायली भरलेली असतीय ना!"

सहदेवची पेन्सिल थांबली. त्याला भिंत दिसली. लाभ हा आकडा नाही म्हणून अकरा वर्षांचा सहदेव तो सोडून द्यायचा. पहिली रेघ पडायची ती 'दोन'ला. रोज नवशा चाळीसवर थांबे, भिंतीवर रेघा एकोणचाळीस. मजुरी दोन पायल्या व्हायची, हातात पडायची एक. बाप म्हणे, "शाळंतल्या पोराची रेघ हाय, चुकंल कशी?" असं दोन सुग्या चाललं.

सांगावं, तर परीक्षा पंधरा दिवसांवर. ही आत उठून गेली तर पुढचं कोण शिकवणार? त्याच्या डोक्यानं हा सौदा करून पाहिला, खोटं कशाला बोला. पण जीभ आधी सुटली. त्यानं सगळं सांगून टाकलं.

रोहिणीनं वहीचं पान उलटलं. "माज्या बाला म्हाईत होतं."

"मग बोलला का नाय?"

"आयनं भांडून विचारलेलं. म्हणला, बापादेखत चूक काढली तर पोर उद्यापास्नं कोळसा हातात धरायचं नाय. मोजतंय, मोजू दे. शिकंल."

"मी कुठं शिकलो?"

"आत्ता शिकलास की." तिनं पानावर एक लांब, वाकडी मान काढली. "हा इंटिग्रल. सिग्माच हाय. मापं इतकी बारीक केली की पायली दिसंना, नुसती धार. चल, खालून वर वाच."

सहदेवनं वाचलं. एकदाही अडखळला नाही.

परीक्षा तो पास झाला. रोहिणीचे पाच रविवार गेले. बाकीची फी नवशानं केव्हाच भरून टाकली होती, दिवसाला एक पायली. आणि त्या पायलीनं कमी जेवलेल्या घरात रोहिणीही होती.