दोन फुटांचा गाळ

पुलाच्या खांबावरची मोजपट्टी दोन फूट खोटं बोलते, हे मला उन्हाळ्यापासून माहीत होतं.

नदीचं पाणी वाचणं हे माझं काम. दिवसातून तीनदा पुलावर जायचं, आकडा बघायचा, कार्यालयात फोन करून सांगायचा आणि शाळेच्या छतावरच्या भोंग्यावरून खालच्या वस्तीला ऐकवायचा. वीस फुटांवर लाल पट्टा आहे. पाणी तिथे टेकलं की वस्ती सोडायची, कारण मग तासाभरात मोरीवरून पाणी जातं आणि बाहेर पडायचा एकमेव रस्ता बंद होतो. हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल.

उन्हाळ्यात वरिष्ठांची पाहणी होती, म्हणून रंगारी आला. खांबाच्या बुडाशी दोन फूट गाळ साचलेला. फावडं कोण मारणार? पठ्ठ्याने जुने आकडे खरवडले, गाळाच्या वर शून्य काढलं आणि तिथून सगळी पट्टी नव्याने चढवली. आकडे मात्र मोत्यासारखे. मी कार्यालयाला लिहून कळवलं. महिन्याने पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, 'आकडे सुवाच्य आहेत.' मग मी फोनवर दोन फूट मिळवून सांगायला लागले, तर साहेब म्हणाले, "बाई, दिसतं तेवढंच वाचा. आपली अक्कल त्यात घालू नका." आणि मी तोंड मिटून दिसेल तेवढंच वाचत राहिले. साहेबाचा येतो तेवढाच राग मला स्वतःचाही येतो.

त्या दिवशी सकाळी सतरा दिसले. भोंग्यावरून सतरा सांगितले. दुपारी गेले तर पट्टीवर साडेसतरा होते आणि पलीकडे मोरीच्या कडेचे दगड बुडायला आले होते. खरं पाणी साडेएकोणीस होतं. खालच्या वस्तीत माझा दादा राहतो. आठवड्यापूर्वी वहिनीच्या पायात सळई घातली होती, तिला पाऊल टेकवता येत नव्हतं. मी शाळेकडे पळता पळता दादाला फोन लावला.

"दादा, निघा. आत्ताच्या आत्ता ट्रॅक्टर बोलव."

"सकाळी तर सतरा म्हणालीस."

"ते चूक आहे. साडेएकोणीस आहे."

"मी पण बघून आलोय पट्टी. लाल पट्टा अजून कोरडा आहे. हिला या पावसात खाटेवरून उचलून कुठे नेऊ? तू ना, लहानपणापासून घाबरट." फोन बंद.

चूक त्याची नव्हती. तीन महिने रोज तीनदा मीच त्याला त्या पट्टीवर विश्वास ठेवायला शिकवत होते.

शाळेत पोचले. भोंग्याचं बटण दाबलं. माझा आवाज थरथरत होता, आणि तो रागाने थरथरत होता.

"ऐका. पट्टी खोटी आहे. मी उन्हाळ्यापासून खोटा आकडा वाचतेय, आणि मला ते माहीत होतं. लाल पट्ट्याची वाट बघू नका. मोरी तासाभरात बुडेल. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना आधी काढा. घरं तशीच सोडा."

तीनदा सांगितलं. दारं आपटल्याचे आवाज वरपर्यंत आले. ट्रॅक्टरवाल्याने दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला ट्रॉलीत खाटेसकट वहिनी होती आणि खाट धरून दादा. तिसऱ्यांदा ट्रॅक्टरवाला मोरीपाशी गेला आणि वळून आला. "टाचभर पाणी आलंय वरून. आता मी ट्रॅक्टर घालणार नाही," तो म्हणाला. पण पलीकडे कोणी उरलं नव्हतं, फक्त भांडीकुंडी आणि कोंबड्या.

संध्याकाळी दादाच्या खिडकीपर्यंत पाणी होतं. पट्टीवर एकोणीस. लाल पट्टा कोरडा ठणठणीत.

शाळेच्या वर्गात सगळे ओले बसले होते, तेव्हा साहेबांचा फोन आला. "एकोणीस ना? इशारा पातळी ओलांडलेलीच नाही. मग वस्ती कोणाच्या हुकमाने रिकामी केलीत?"

"माझ्या," मी म्हणाले. "मी तुम्हाला दोनदा लिहिलंय. दोन्ही पत्रांच्या प्रती माझ्याकडे आहेत. उद्या या, येताना फावडं घेऊन या." आणि मीच फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

मला वाटलं, दादा पाठ थोपटेल. तो वहिनीच्या पायाखाली घडी केलेलं पोतं सरकवत होता. वर न बघता म्हणाला, "दोनदा लिहिलंस?"

"हो. एकदा उन्हाळ्यात, एकदा त्यानंतर महिन्याने."

"कार्यालय इथून तीस मैलांवर." त्याने पोतं नीट केलं. "तुझ्या घरापासून माझं घर किती पावलं गं?"

चारशेसुद्धा नव्हती.