खांबामागची सायकल

मी एक जुनी सायकल आहे, पण रस्त्यावरची नव्हे. जन्मात मी कधी वीतभरही पुढे गेलेली नाही. मी जिममध्ये पाय रोवून उभी असते. चाक एकच, तेही पोटात. माणसं माझ्यावर बसतात, तासभर पेडल मारतात आणि जिथे बसली तिथेच उतरतात. हसू नका, मित्रांनो. कितीतरी माणसं आयुष्यभर हेच करतात, आणि त्यांना घामही येत नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये झाला. तिथे वेल्डिंग करणारा एक म्हातारा होता. माझे सगळे सांधे त्यानं जोडले. एक सांधा जोडला की त्यावर हातोडीनं टकटक करायचा, कान लावायचा आणि मगच पुढच्याला हात घालायचा. वीस वर्षं झाली, माझा एकही सांधा हललेला नाही. नाहीतर आजकालची यंत्रं बघा. तोंडावर दिवे लुकलुकतात, गाणी म्हणतात, किती पावलं झाली ते बोलून दाखवतात आणि दुसऱ्या वर्षी आजारी पडतात. मी कुणाचं नाव घेत नाही. समोरच उभी आहेत, त्यांचं त्यांना कळतं.

जिम उघडली तेव्हा मला रस्त्याकडच्या मोठ्या काचेजवळ जागा होती. सकाळी माझ्यासाठी माणसं थांबून राहत. "ही सायकल म्हणजे दगड आहे दगड," असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मला ते आवडायचं. कौतुक कुणाला आवडत नाही? जो नाही म्हणतो तो खोटं बोलतो.

मग नवी यंत्रं आली आणि मला मागे ढकललं. आधी दुसऱ्या रांगेत, मग तिसऱ्या, आणि शेवटी खांबामागे. एका बाजूला भिंत, एका बाजूला खांब, पायाशी पुसायची बादली. सीट फाटली, तिच्यातून पिवळा स्पंज बाहेर आला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्या कोपऱ्यात मी सहा वर्षं काढली. माझा अपमान झाला होता, मित्रांनो, दुसरा शब्द नाही त्याला.

आणि मग एका दुपारी ती आली.

दुपारी दोनला जिम रिकामी असते. ट्रेनर डबा खाऊन टेबलाशी पेंगत होता. ती दारात उभी राहिली, आत कोण कोण आहे ते बघितलं, कुणी नाही म्हटल्यावर आत आली. पन्नाशीची, अंगानं भरलेली बाई. अंगात नवऱ्याचा ढगळ सदरा, गळ्यात माप घ्यायची टेप, हातात कापडी पिशवी.

"गुडघे गेलेत," ती ट्रेनरला म्हणाली. दुसऱ्या कुणाची चहाडी सांगावी इतका हळू आवाज. "डॉक्टर म्हणतात, सहा महिने रोज सायकल चालवा. नाहीतर जिना विसरा."

"मग या ना इकडे, ताई. काचेजवळची घ्या. नवी आहे."

"तिथे नको. ती मागची कुणाची आहे?"

"ती? ती भंगारात जायची आहे."

"चालते ना?"

"चालते तशी."

"मग झालं तर. मीही भंगारच आहे, आमचं जमेल."

मला राग आला. पण बसली ती हळूच, माझ्या फाटक्या सीटलाही दुखू नये अशी. त्या दिवशी तिला चार मिनिटं जमली. उतरली तेव्हा तिनं पहिल्यांदा सदरा मागून खाली ओढला, मग घाम पुसला.

ती कपडे शिवायची. दोन गल्ल्या पलीकडे एका इमारतीच्या तळाला तिचं दुकान होतं आणि त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर घर. लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणजे त्या चोपन्न पायऱ्या उतरता आल्या तरच दुकान, तरच गिऱ्हाईक, तरच दोन माणसांशी बोलणं. नाहीतर वर चार भिंती आणि ती. हे सगळं ती जिम झाडणाऱ्या मावशीला सांगायची, माझ्यावर बसून, दम लागत लागत.

तिच्या पिशवीची गंमत सांगते. पिशवीत रोज एक शिवलेली पँट असायची, नीट घडी घातलेली. रस्त्यात कुणी विचारलं, काय ताई, जिमकडे? तर पिशवी पुढे करायची. "कुणाची तरी पँट द्यायला चाललेय." चार महिने ती एकच पँट आमच्याकडे येत होती. मावशी म्हणायची, "या पँटचा मालक एव्हाना उघडाच फिरत असेल." आणि दोघी हसायच्या.

पण हसता हसता मावशीनं एकदा विचारलं, "अगं, एवढी लपतेस कुणापासून? कुणाला वेळ आहे तुझ्याकडे बघायला?"

तिचे पाय थांबले. "मी दिवसभर लोकांच्या कमरेभोवती टेप फिरवते, मावशी. कुणाची किती वाढली, कुणी पोट आत ओढून उभं राहिलंय, सगळं मला कळतं. बोलत नाही, पण बघते. मग माझ्याकडे बघणाऱ्याला कळणार नाही? सगळ्यांचे कपडे मी शिवले, व्यायामासाठी स्वतःचा एक कपडा मला बेतता आला नाही. माझ्या मापाचं कापड कापायला बसले की माझाच हात थांबतो."

मावशीनं बादली थोडी पलीकडे सरकवली, म्हणजे हिच्या पायाला लागू नये.

चार मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. आधी ती घराच्या जिन्यावर प्रत्येक मजल्याला बसायची. मग दुसऱ्या मजल्यावरच एकदा टेकायची. आणि चौथ्या महिन्यात एका दुपारी ती आली तीच हसत. "मावशी, काल मी न थांबता वर गेले! कुलूप काढताना कळलं की आज मधे बसलेच नाही!" त्या दिवशी तिनं अर्धा तास पेडल मारले. दुसऱ्या दिवशी माझ्या सीटला माप घेऊन शिवलेलं नवं कव्हर घातलं. जाड निळं कापड, कडेला दुहेरी शिलाई. वीस वर्षांत माझ्यासाठी कुणी काही शिवलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते. ती सांगायलाच हे सगळं सांगत बसले आहे.

ते कव्हर मालकाच्या नजरेला पडलं. "अरे, ही तर चांगली दिसते की! भंगारात काय घालता? काचेजवळ आणा हिला. समोर आरसाही आहे." आणि खांबामागे प्रोटीन पावडरच्या डब्यांचं काउंटर बसवायचं ठरलं. चौघांनी मला उचललं. मित्रांनो, मला आनंद झाला. सहा वर्षांनी मला उजेड दिसला. आता लोक माझ्याकडे बघतील, एवढंच माझ्या मनात होतं. जिला कुणी बघायलाच नको होतं, तिची आठवण मला आली नाही. तिच्या हाताचं कव्हर मिरवत मी पुढे जाऊन उभी राहिले.

त्याच आठवड्यात मालकानं बायकांसाठी दुपारचा वर्ग सुरू केला. हेतू चांगला होता. घरातली कामं आटोपून बायकांना यायला बरं पडेल म्हणून.

ती दोनला आली. आत सहा बायका होत्या. त्यातल्या निम्म्यांच्या कमरा तिला पाठ होत्या. ती दारातूनच वळली असती, पण ट्रेनरनं पाहिलं.

"या ताई, या! बघा, तुमची सायकल कुठे आणली! आता मस्त उजेडात बसा."

सगळ्यांनी वळून पाहिल्यावर परत कशी जाणार? ती आली. बसली. समोरच्या आरशात आम्ही दोघी दिसत होतो. तिनं मान खाली घातली.

"अगंबाई, शिवणवाल्या ताई! तुम्ही इथे कशा?" एकीनं विचारलं.

"पँट द्यायला आले होते," ती म्हणाली. माझ्यावर बसून, पाय पेडलवर ठेवून.

ट्रेनर मोठ्यानं हसला. भला माणूस, पण अक्कल बेताची. "पँट कसली! चार महिने रोज येतात त्या. आधी चार मिनिटंसुद्धा जमत नव्हतं, दम लागायचा. आता अर्धा तास! वाजवा टाळ्या ताईंसाठी!"

सहाही बायकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं काचेतून आत डोकावली. एकीनं मोबाइल वर धरला. "एक फोटो घेते हं, ताई. आमच्या सासूबाईंना दाखवते. म्हणजे त्याही उठतील जरा. म्हणावं, या करतात तर तुम्हाला काय झालं?"

तिनं सात-आठ पेडल मारले. माझ्या पोटातलं चाक एवढं जड मला कधी लागलं नव्हतं. मग तिनं सदरा मागून खाली ओढला आणि उतरली.

"पाणी पिऊन येते," म्हणाली.

पाण्याची तिची बाटली माझ्याच दांड्याला अडकवलेली होती. ती भरलेली होती. तशीच ती तिथे पंधरा दिवस लटकत राहिली. मग मावशीनं काढली.

डॉक्टरनं सांगितलेल्या सहा महिन्यांतले अजून दोन उरले होते. ट्रेनर एकदा तिच्या दुकानात जाऊन आला. "काम फार आहे," एवढंच ती म्हणाली, मान वर न करता. हळूहळू दुसऱ्या मजल्यावर टेकणं परत सुरू झालं, मग पहिल्यावरही. एका संध्याकाळी ती दुसरा मजला चढताना मधेच बसली ती उठेचना. शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत घालून वर नेलं. तेही सगळ्या इमारतीसमोर, दारं उघडून बघणाऱ्या माणसांमधून. त्यानंतर ती खाली उतरलेली नाही. दुकानाला कुलूप आहे. शिलाई मशीन वर नेलं. गिऱ्हाइकं खालून हाक मारतात, ती खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडते, कपडे वर जातात, कपडे खाली येतात. मापं आता जुन्याच कपड्यांवरून घेते.

हे सगळं मावशी सांगते. तीच अधूनमधून वर जाऊन येते. ट्रेनरनं मालकाला सांगून बघितलं, सायकल परत मागे नेऊ या का? पण काउंटर जमिनीत बोल्ट ठोकून बसवलंय. मालक म्हणाला, एका गिऱ्हाइकासाठी फरशी फोडू काय?

"पण मी वाईट काय बोललो?" ट्रेनर मावशीला विचारत होता. बिचारा रडवेला झाला होता.

"वाईट बोलला असतास तर तिनं चार शब्द सुनावले असते आणि दुसऱ्या दिवशी परत आली असती," मावशी म्हणाली. "तू चांगलं बोललास. त्याला ती काय उत्तर देणार?"

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला तेल लागतं, वर्षातून एकदा पट्टा आवळावा लागतो, बस्स. माणसाची निगा राखणं त्याहून नाजूक काम आहे, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या शाळेत, तुमच्या मैदानावर, तुमच्याच घरात कुणीतरी लाजत लाजत काहीतरी करायला लागलेलं असेल. कुणी जाडं असेल, कुणी म्हातारं, कुणाला धावताना धाप लागत असेल. त्याला हसू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी त्यापुढचं सांगते. त्याचं कौतुकही त्यानं मागितल्याशिवाय करू नका. त्याच्याकडे टक लावू नका. मान वळवा, आपलं काम करा, आणि त्याला एक कोपरा असू द्या. तो कोपरा तुम्हाला अडगळ वाटत असेल. तरी त्याला विचारल्याशिवाय आवरायला जाऊ नका.

परवा मावशी वर जाऊन आली. म्हणाली, मधल्या खोलीत तिनं भिंतीला लागून दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. एकीला धरून उठते, चार पावलं टाकते आणि दुसरीला धरून बसते. रोज दहा वेळा. नवरा ट्रकवर, घरात ती एकटीच असते. तरी चालायला उठण्याआधी खिडकीचा पडदा ओढून घेते आणि दाराला आतून कडी लावते.

एवढं आम्ही सगळ्यांनी मिळून तिला शिकवलं.