गुलाबी गहू

चिमणी उडाली नाही, तेव्हाच मी घाबरले.

मागच्या अंगणात मी ओली चादर झटकली होती. एरवी एवढ्या आवाजाने भिंतीवरची सगळी पाखरं भुर्रकन पळतात. ही मात्र दाण्यांच्या ताटलीच्या कडेला पिसं फुगवून बसूनच राहिली. मी जवळ जाऊन टाळी वाजवली. तिने डोळे अर्धवट मिटले आणि हळूच एका अंगावर कलंडली.

तशी मी घाबरणाऱ्यांतली नाही, घाबरवणाऱ्यांतली आहे. माझ्या तोंडाला घरात सगळे टरकून असतात. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. म्हणतो, तुझ्यापेक्षा घाटातली वळणं बरी. सासूबाई काही म्हणत नाहीत. त्या मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की त्यांना हवं तेच करतात. आणि आमची पाच वर्षांची बुटकी आजीच्या तालमीत तयार झालेली, तेव्हा तिच्याबद्दल काय सांगावं?

पाखरांचं वेड सासूबाईंचंच. आम्ही या घरात आलो तेव्हा मागे नुसतं सिमेंटचं अंगण होतं, पाण्याची टाकी आणि कपड्यांची दोरी. त्यांनी भिंतीवर जुनी ताटली बसवली, शेजारी पाण्याचं मातीचं भांडं ठेवलं. भिंतीलगत झुडपं लावली, कारण पाखराला दाण्याआधी लपायला जागा लागते म्हणे. हळूहळू चिमण्या आल्या, मग पारवे. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांची त्यांनी पार वाट लावली. मी रोज कडकड करायचे आणि सासूबाई रोज ताटली भरायच्या.

गहू आला तो शेजारच्या गोदामकाकांकडून. बियाण्यांच्या गोदामात कामाला होते, म्हणून सगळे त्यांना गोदामकाका म्हणायचे. घर बदलताना ते घाईत होते. पत्र्याच्या खोलीची किल्ली आमच्याकडे देऊन म्हणाले, आतलं काय हवं ते घ्या, बाकीचं फेकून द्या. आत एक शिडी होती, कुंड्या होत्या आणि अर्धं पोतं गहू. दाणा न् दाणा गुलाबी.

“हा असा कसा गं?” सासूबाईंनी ओंजळ माझ्यापुढे धरली. मी शिवणाच्या मशीनवर होते, एका बाईचा कोट उसवत होते. मान वर न करता मी म्हणाले, “माणसाच्या खाण्यातला दिसत नाही. घाला तुमच्या पाखरांना.”

माझे शब्द होते ते. दुसऱ्या कुणाचे नव्हेत.

पाखरांनी त्या गव्हाला चोच लावली नाही. चिमण्या यायच्या, मान वाकडी करून बघायच्या आणि निघून जायच्या. सासूबाईंना हा स्वतःचा अपमान वाटला. रंगाला बुजतात मेल्या, म्हणून त्यांनी गहू बादलीत भिजवला, चोळला, पाणी बदलत राहिल्या. मोरीतून गुलाबी पाणी वाहत होतं आणि मी फरशीवर डाग पडतील म्हणून ओरडत होते. वाळल्यावर गहू नेहमीच्या गव्हासारखाच दिसायला लागला. मग मात्र पाखरांची झुंबड उडाली. सासूबाई दोन दिवस हवेत होत्या.

हे सगळं त्या कलंडलेल्या चिमणीपाशी उभी असताना माझ्या डोक्यातून गेलं. मी टाकीच्या मागे वाकून पाहिलं. तिथे आणखी चिमण्या पडल्या होत्या, पाय आखडलेल्या, आणि एक पारवाही. त्यांच्या आजूबाजूला सिमेंटवर पांढरट, वाळलेले डाग होते. पाखरांची घाण असेल, असं मला वाटलं.

मी गोदामकाकांना फोन लावला. “काका, तुमच्या खोलीतला तो गुलाबी गहू...”

ते म्हणाले, “वहिनी, ते पेरायचं बी आहे. कीड लागू नये म्हणून विष चोळलेलं असतं त्याला. म्हणून तर रंग देतात, कुणी चुकून खाऊ नये म्हणून. मी फेकायला विसरलो की काय? कुणी हात नाही ना लावला?”

“पाखरांना घातला. धुऊन.”

“धुतल्यानं रंग जातो हो. विष आत मुरलेलं असतं. आणि ते हळूहळू भिनतं, लगेच कळतही नाही. पाखरांची हळहळ वाटते, पण घरात नाही ना कुणी खाल्ला?”

“छे, आम्ही कशाला खाऊ?” मी म्हणाले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातून तूप-साखरेचा वास आला.

सासूबाई ओट्यापाशी बुटकीची लापशी ढवळत होत्या. चमचा हातातून निसटून खाली पडला. गेल्या काही दिवसांत त्यांच्या हातून दोन कप फुटले होते आणि दोन्ही वेळा मी त्यांना फाडफाड बोलले होते. आज मला चमच्याचं भान नव्हतं. 

“आई, हा रवा कुठला?”

“घरचाच की.”

“घरचा म्हणजे कुठला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “एवढं अर्धं पोतं सगळं पाखरांना कसं घालायचं? चांगला दाणेदार गहू. आठवडाभर पाखरं खात होती, काही झालं नाही त्यांना. मग म्हटलं, चांगलाच आहे. मिक्सरमधून काढला. तुला सांगितलं असतं तर तू...”

पुढचं मला ऐकू आलं नाही. बुटकी गेले कित्येक दिवस रोज सकाळी ही लापशी खात होती. आधी नाकं मुरडायची. मग मी एकदा चांगली दरडावली तेव्हापासून वाटी घेऊन मागच्या पायरीवर बसायची आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ परत आणायची. मीच शाबासकी द्यायचे. शहाणी गं माझी बाय.

टॅक्सीत मी तिला मांडीवर घट्ट धरून बसले होते. तिचे डोळे बघत होते, बोटं बघत होते, सारखी विचारत होते, पोटात दुखतंय का, गरगरतंय का. ती नुसती मान हलवत होती. सासूबाई पुढच्या सीटवर स्वेटरच्या खिशात हात घालून गप्प. त्यांचा चेहरा दिसत नव्हता ते बरंच झालं. दिसला असता तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. मनात मात्र बोलतच होते. हिला काही झालं तर मी तुम्हाला घरात ठेवणार नाही. तुमची पाखरं आणि तुम्ही.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी गोदामकाकांशी फोनवर बोलून विषाचं नाव विचारून घेतलं. बुटकीचं रक्त घेतलं, तिला एका रेषेत चालायला लावलं, हात पुढे करायला लावले. मग मला विचारलं, “किती खाल्लं असेल रोज?”

“वाटीभर. थेंब शिल्लक ठेवत नाही.” डॉक्टरीण बाईंच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी पुन्हा बुटकीचा हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, एवढं पोटात गेलं असतं तर काहीतरी दिसायला हवं होतं, दाखल करून घेऊ, रिपोर्ट येऊ देत.

पलंगाशी मी बसून राहिले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं. ती जांभई देई, तरी मी दचकून उठे. आता सुरू झालं असं वाटे. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. सासूबाई दारापाशी बाकावर होत्या आणि मी त्यांच्याकडे पाठ केली होती.

बुटकीने माझी बाही ओढली. “आई, पाखरं मेली का?”

“हो.”

तिचा खालचा ओठ थरथरला. “तू रागावशील ना?”

“कशाला रागावू, राणी?”

“मी नव्हते खात. मला नाही आवडत लापशी. टाकीच्या मागे ओतायचे. चिमण्यांना आवडायची.” आणि ती हमसून हमसून रडायला लागली. “माझ्यामुळे मेल्या त्या.”

सिमेंटवरचे ते पांढरट डाग. मी तिला कवटाळलं आणि रडत रडत हसले. नर्स धावत आली, तिलाही मी तेच तेच सांगत सुटले. पोरीने खाल्लंच नाही हो, पोरगी खोटारडी आहे माझी, एक नंबरची खोटारडी. जिच्या खोटेपणावर मी एरवी पट्टी उगारली असती, तिचे मी मुके घेत होते.

नर्स म्हणाली, “देवानं वाचवलं. घरात आणखी कुणी नाही ना खाल्लं?”

“नाही, कोण खाणार?” मी म्हणाले आणि मागे वळले.

सासूबाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही. हात स्वेटरच्या खिशातच होते. मला ते दोन कप आठवले. सकाळचा चमचा आठवला.

“आई, हात बाहेर काढा.”

“गारठलेत गं.”

“काढा म्हणते ना!”

त्यांनी काढले. दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. त्या एका हाताने दुसरा दाबून धरू बघत होत्या आणि तो काही थांबत नव्हता.

“पाखरांना घातल्यावर आधी मी लापशी खाऊन बघितली होती,” त्या म्हणाल्या. “मग तिला दिली. आणि पातेल्यात रोज उरायची थोडी. टाकवत नाही मला.” जीभ जड झाल्यासारखी त्यांची अक्षरं एकमेकांवर पडत होती. हे कधीपासून होतं? मी दिवसभर या बाईशी भांडते आणि मला ते ऐकूसुद्धा आलं नव्हतं.

“सांगितलं का नाहीत?”

त्यांनी बुटकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “रागावणार नाहीस ना?”

मी ओरडले. त्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, डॉक्टरीण बाईंना हाका मारत ओरडले.