जुनी काढा

पुढच्या खोलीतले भरतकामाचे यंत्र सकाळपासून मुके होते आणि त्याला बोलते करण्यासाठी वहिनीने दिराला बोलावले होते. यंत्र ऐकायचे ते फक्त संगणकातल्या जुन्या सिस्टीमचे. गेल्या वर्षी दिरानेच तिच्या शेजारी नवी सिस्टीम आणून बसवली. तेव्हापासून एका डिस्कमध्ये दोघी सवतींसारख्या नांदत होत्या. आज नवी तेवढी उघडत होती. जुनी रुसली होती.

संध्याकाळी बँडमास्तरांचा कार्यक्रम होता. "लोकांना माझी पाठच दिसते," असे म्हणून त्यांनी कोटाच्या पाठीवर सारस भरायला दिला होता. वहिनीचे हे पहिलेच मोठे काम. सारस साधला, तर साऱ्या पथकाचे कोट तिच्याकडे येणार होते. त्याचे पीस न् पीस तिने जुन्या सिस्टीममध्ये रेखले होते. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आतल्या खोलीत कोटाला इस्त्री करता करता ती ओरडली, "भाऊजी, आधी जुनी काढा! नवीचं मग बघू."

दिराला एवढेच हवे होते. त्या खोकत उठणाऱ्या म्हातारीवर त्याचा कधीचा डोळा होता. नव्या सिस्टीममधून त्याने डिस्कचा नकाशा उघडला आणि जुनीचा कप्पा पुसायला घेतला. संगणकाने विचारले, खात्री आहे? होती. निळा पट्टा क्षणात करडा झाला, पाखरे उडून गेलेल्या आभाळासारखा निवांत.

"काढली, वहिनी!"

"मग दाखवा सारस."

"कुठून दाखवू? काढली म्हणजे... काढली."

इस्त्रीसकट वहिनी दारात आली. "कपाटातून कोट काढा म्हटलं, तर जाळून टाकाल का हो?"

भीतीने दिराला हसू फुटले.

"दात काढू नका!"

"हेच ते! दात काढा म्हणालात, तर मी हसू की उपटू?"

वहिनीने ओठ घट्ट मिटले. पण हसू नाकावाटे निसटले. नेमके तेव्हाच बँडमास्तर दारात उभे राहिले.

"झाला का पक्षी?"

"उडाला," दीर म्हणाला आणि खुर्चीचा हात धरून हसू लागला. वहिनी भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांतले पाणी हसण्याचे की रडण्याचे, हे तिलाही सांगता आले नसते. ते पाहून मात्र दिराचे हसू थिजले.

"थांबा. घर पाडलेलं नाही, दारावरची पाटी तेवढी काढलीय. आत सामान तसंच असणार. फक्त या डिस्कवर आता कुणी काही लिहायचं नाही."

त्याने खिशातल्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि हरवलेले कप्पे हुडकणारा प्रोग्राम कामाला लावला. आकडे सरकत राहिले. बँडमास्तर टेबलावर बोटांनी ताल धरत होते. तो प्रत्येक आवर्तनात अधिक द्रुत होत होता.

"मास्तर, डिस्क घाबरेल," वहिनी म्हणाली.

आणि कप्पा सापडला, संपूर्ण, आतल्या साऱ्या फायलींसह. दिराने पाटी पुन्हा ठोकली. मग ज्यासाठी त्याला बोलावले होते, ते काम हाती घेतले: जुनीच्या सुरू होण्याच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त केल्या. पडदा काळा झाला, काळाच राहिला. मग कुरकुरत, दम खात म्हातारी उठली आणि तिच्या फिकट पडद्यावर सारसाने मान उंचावली.

"बाई गं!" म्हणत वहिनीने दिराच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. कोट चौकटीत ताणला. सुई धावू लागली. पांढऱ्या धाग्यातून चोच उमटली, मानेचा बाक उमटला. बँडमास्तर नुसत्या शर्टावर यंत्रापुढे उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्याला इशारे देऊ लागले. धागा बदलायला सुई थांबली, की हात हवेत, खोली स्तब्ध. ती चालू झाली, की दीर आणि वहिनी गिरक्या घेत.

शेवटचा टाका पडला. बँडमास्तरांनी कोट चढवला आणि खोलीकडे पाठ केली. पंख खांद्यापासून खांद्यापर्यंत पसरले होते.

"पथकाचे कोट उद्या पाठवतो," ते म्हणाले. "यंत्रालाही पथकात घेतलं असतं. आमच्यात इतकं तालात कुणीच नाही."